टर्मिनलवरून पेनड्राइव्हची डिस्क इमेज कशी घ्यावी? (दिवाळी अंकाच्या फाइली अडकल्या आहेत)

अक्षरजुळणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझा व्यवसाय डीटीपीचा आहे आणि कराड तालुक्यातल्या एका वाचनालयाचा दिवाळी अंक गेली अकरा वर्षे माझ्याकडेच जुळवला जातो. या अकरा अंकांची पाने, मुखपृष्ठे, जाहिरातदारांची बोधचिन्हे आणि युनिकोड येण्याआधीचे जुने फॉन्ट, हे सगळे एकाच १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर होते. दुसरी प्रत का ठेवली नव्हती, हे कृपया विचारू नका. घरच्यांनी ते पुरेसे विचारून झाले आहे.

गेल्या आठवड्यात हा पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावला, तेव्हा ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशा अर्थाची चौकट समोर आली. मी ती रद्द केली. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तिथल्या मुलाने ‘आधी फॉरमॅट करू, मग रिकव्हरी मारू’ असे सांगितले आणि मी पेनड्राइव्ह परत खिशात घालून घरी आलो. भाच्याने जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) बसवून दिले आहे. फाइली शोधण्याआधी संपूर्ण पेनड्राइव्हची डिस्क इमेज घे, असे तो सांगून गेला, परंतु तो आता पुण्यात परीक्षेच्या गडबडीत आहे.

टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही आज्ञा दिली असता एसडीए (४६५.८जी) ही लॅपटॉपची डिस्क आणि एसडीबी (१४.४जी) हा पेनड्राइव्ह दिसतो. एसडीबीच्या खाली एसडीबी१ अशी एक ओळ आहे, पण तिच्यापुढे माउंटची, म्हणजे ती कोणत्या फोल्डरला जोडली आहे याची, जागा रिकामी आहे. मी एसडीबी१ची इमेज घेण्याचा प्रयत्न केला, तर ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली आणि ० बाइट कॉपी झाल्याचे दाखवले. नंतर एसडीबीवर प्रयत्न केला, तर १०,४८,५७६ बाइट कॉपी होऊन तीच एरर आली. पेनड्राइव्ह पूर्ण गेला आहे, असे समजायचे का? आणि इमेज एसडीबीची घ्यायची की एसडीबी१ची?

आणखी एक. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगलही (ते चालण्यासाठी लावावी लागणारी किल्ली) माझ्याकडे आहे. हातासरशी त्याचीही इमेज घेऊन ठेवता येईल का?

मिरजकर_पेंग्विन

फॉरमॅटला दोन वेळा नकार दिलात, हे सर्वांत महत्त्वाचे काम तुम्ही आधीच केले आहे. झटपट फॉरमॅटमध्ये फाइलींचा मजकूर बहुतेक जागच्या जागी राहतो. परंतु कोणती फाइल कुठून सुरू होते आणि तिचे तुकडे कुठे कुठे आहेत, याची जी सारणी असते, नेमकी तीच कोरी केली जाते. मग शेकडो फाइली ‘एफ०००१’ अशा निनावी अवस्थेत हाती लागतात आणि कोणत्या वर्षीच्या अंकाचे कोणते पान, हे शोधण्यातच पुढची दिवाळी उजाडते.

तुमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे, तर फाइली कॉपी करणे म्हणजे अनुक्रमणिका बघून हवी ती पाने काढून घेणे. डिस्क इमेज घेणे म्हणजे अनुक्रमणिका वाचता येवो वा न येवो, पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पान, कोरी पानेसुद्धा, क्रमाने झेरॉक्स करणे. म्हणून इमेज नेहमी पेनड्राइव्हच्या पूर्ण क्षमतेएवढी होते. तिच्यात ३ जीबीच्या फाइली असोत की ३ केबीच्या, १४.४जीचा पेनड्राइव्ह असेल तर इमेज १४.४जीचीच होणार.

इमेज एसडीबीची घ्यावी, एसडीबी१ची नव्हे. एसडीबी म्हणजे अखंड पेनड्राइव्ह, एसडीबी१ म्हणजे त्यावरचे पहिले पार्टिशन, म्हणजे आखलेला पहिला भाग. पार्टिशनचीच इमेज घेतली, तर पार्टिशन कुठे सुरू होते आणि कुठे संपते याची सुरुवातीची नोंद बाहेर राहते आणि नंतर दुरुस्तीचे काम उगाच अवघड होते.

पेनड्राइव्ह लावल्यावर तो आपोआप माउंट झाला असेल, तर आधी अनमाउंट करावा. त्यानंतर, हात चुकला तरी पेनड्राइव्हवर काही लिहिले जाऊ नये, म्हणून त्याला केवळ वाचण्यापुरता खुला ठेवावा:

सुडो ब्लॉकडेव्ह --सेटआरओ /डेव्ह/एसडीबी

मग इमेज घ्यावी:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीबी ओएफ=अंक.आयएमजी बीएस=४एम कॉन्व्ह=नोएरर,सिंक स्टेटस=प्रोग्रेस

(मी फोनच्या देवनागरी कळफलकावरून लिहीत आहे. टर्मिनलमध्ये ही अक्षरे आणि आकडे अर्थातच रोमन हवेत. जिथे एकेक अक्षर उच्चारले आहे तिथे तेच अक्षर घ्यावे, आणि ‘डेव्ह’, ‘सुडो’, ‘स्टेटस’ यांसारखे शब्द नेहमीच्या इंग्रजी वर्णाक्षरांत लिहावेत.)

यात आयएफ म्हणजे जिथून वाचायचे ते, आणि ओएफ म्हणजे जिथे लिहायचे ते. या दोन्हींची अदलाबदल झाली आणि इमेजची फाइल आधीच तिथे असली, तर डीडी एका शब्दाने विचारणार नाही आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ओतायला घेईल. लोक गमतीने त्याला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात, ते उगाच नाही. बीएस म्हणजे एका घासाला किती वाचायचे. ते न दिल्यास डीडी ५१२-५१२ बाइटचे घास घेत बसतो आणि काम फार रेंगाळते. नोएरर दिल्यामुळे एरर आली तरी काम थांबत नाही आणि सिंकमुळे न वाचलेल्या जागी शून्ये भरली जातात.

डोंगलबद्दल: डोंगल दिसायला पेनड्राइव्हसारखा असला तरी साठवणुकीचे साधन म्हणून तो सहसा संगणकापुढे येत नाही, म्हणून एलएसबीएलकेच्या यादीत तो बहुधा दिसणार नाही आणि त्याची इमेजही घेता येणार नाही. त्याला जपा, एवढेच.

संगणकताई

मिरजकरांनी जे समजावले ते नेमके आहे, परंतु त्यांनी दिलेली मुख्य आज्ञा या पेनड्राइव्हसाठी मी देणार नाही, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगते. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी करताना मी स्वतः याच आज्ञेने एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाची वाट लावली आहे.

डीडी हे निरोगी साधनासाठी उत्तम हत्यार आहे. पेनड्राइव्ह ठणठणीत असेल, तर मिरजकरांची आज्ञा शेवटचा कॉन्व्हचा भाग वगळून जशीच्या तशी द्यावी. पण हा पेनड्राइव्ह आजारी आहे. इथे ४एमचा घास घेतला आणि त्यात एकच ५१२ बाइटचा सेक्टर (साठवणुकीचा छोटा तुकडा) खराब निघाला, तर त्या घासातील उरलेला चांगला भागही शून्यांनी भरला जाऊ शकतो, म्हणजे एका सेक्टरपायी ४ एमबीपर्यंतचा मजकूर हातचा जातो. सिंक न देता नुसते नोएरर दिले, तर त्याहून वाईट होते, कारण न वाचलेला भाग गाळून पुढचा मजकूर आधीच्याला चिकटवला जातो आणि तिथपासून पुढचे सर्व काही सरकते. घास लहान करून ५१२वर आणला, तर वेळ खूप लागतोच, शिवाय डीडी खराब जागेवर अडून बसतो आणि बिचारा पेनड्राइव्ह चांगला भाग देण्याआधीच मान टाकतो.

सिंकचा आणखी एक बारीक दोष सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, पेनड्राइव्ह १५,५०,५२,९३,३१२ बाइटचा आहे. ही संख्या ४एमच्या पटीत नाही. ३,६९६ पूर्ण घास होतात आणि पाऊण घास उरतो. सिंक तो पाऊण घासही शून्ये भरून पूर्ण करतो आणि इमेज १५,५०,६३,४१,८८८ बाइटची, म्हणजे मूळ साधनापेक्षा १०,४८,५७६ बाइटनी मोठी होते. पुढे तीच इमेज त्याच पेनड्राइव्हवर परत लिहायला गेलात, तर शेवटी जागा संपल्याची तक्रार येते आणि माणूस चक्रावतो.

आजारी साधनासाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरावे. उबंटूमध्ये त्याच्या पॅकेजचे नाव थोडे वेगळे आहे:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीडीडीरेस्क्यू

आज्ञा मात्र डीडीरेस्क्यू अशीच द्यायची. (मधे अधोरेख असलेले डीडी_रेस्क्यू नावाचे दुसरेच एक साधन आहे, त्याचे पर्याय निराळे आहेत, तेव्हा गल्लत करू नये.) पहिली फेरी अशी:

सुडो डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीबी अंक.आयएमजी अंक.मॅप

दुसरी फेरी अशी:

सुडो डीडीरेस्क्यू -डी -आर३ /डेव्ह/एसडीबी अंक.आयएमजी अंक.मॅप

पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग मोठमोठ्या घासांनी उचलते आणि एरर आली की तिथे न रेंगाळता पुढे उडी मारते. सगळे सोपे धान्य पदरात पडल्यावरच ते दुसऱ्या फेरीत खराब जागांकडे वळते, एकेक सेक्टर खरवडते, आणि आर३ दिल्यामुळे प्रत्येक हट्टी सेक्टरला आणखी तीन संधी देते. कोणता भाग मिळाला, कोणता राहिला, याची नोंद मॅप फाइलीत होत असते, म्हणून वीज गेली, पेनड्राइव्ह तापून सुटला किंवा तुम्ही स्वतः कंट्रोल-सी दाबून थांबवलेत, तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम जिथे थांबले होते तिथूनच सुरू होते. मॅप फाइलीशिवाय डीडीरेस्क्यू चालवणे म्हणजे वहीत न लिहिता उधारी देण्यासारखे आहे.

आता तुमच्या दोन आकड्यांकडे वळते, कारण त्यांत उत्तराचा निम्मा भाग दडलेला आहे. १०,४८,५७६ बाइट म्हणजे ५१२ बाइटचे बरोबर २,०४८ सेक्टर. आजकाल पार्टिशन बहुधा २०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होते. एसडीबी वाचताना डीडी नेमका तिथे अडला आणि एसडीबी१ वाचताना पहिल्याच पावलाला अडला. याचा अर्थ पार्टिशनचा पहिला सेक्टर वाचता येत नाही. फॅट३२ या फाइली मांडण्याच्या पद्धतीत याच सेक्टरला बूट सेक्टर म्हणतात आणि पुढची सारी मांडणी कशी आहे हे त्यातच लिहिलेले असते. तो वाचता आला नाही, म्हणून विंडोजला पेनड्राइव्ह कोरा वाटला. तेव्हा पेनड्राइव्ह पूर्ण गेला आहे असे समजण्याचे कारण नाही. उंबरठा मोडला आहे, घर कदाचित शाबूत असेल. सुडो एफडिस्क -एल /डेव्ह/एसडीबी ही आज्ञा देऊन ‘स्टार्ट’खाली २०४८ दिसते का, ते सांगा.

मिरजकर_पेंग्विन

ताई, चूक मान्य. माझ्या डोक्यात नेहमीचा, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे कार्ड उतरवून घेण्याचा प्रसंग होता आणि बोटांनी सवयीने आज्ञा लिहिली. अक्षरजुळणी, माझी डीडीची ओळ वापरू नका.

अक्षरजुळणी

दोघांचेही आभार. एफडिस्कमध्ये ‘स्टार्ट’खाली २०४८ दिसते आणि पेनड्राइव्हचा आकार ताईंनी उदाहरणादाखल लिहिला तोच, १५,५०,५२,९३,३१२ बाइट निघाला. हा योगायोग पाहून मी दचकलोच.

डीडीरेस्क्यूची पहिली फेरी लावली. लॅपटॉपच्या डिस्कवर केवळ ९ जीबी जागा रिकामी होती, म्हणून टीव्हीला लावतो ती ५०० जीबीची बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि इमेज तिच्यावर घेतली. काम छान चालले होते. मधे दोन ठिकाणी थबकले आणि पुढे गेले. पण ४.३ जीबीच्या आसपास ‘फाइल टू लार्ज’ असे लिहून ते थांबले. इमेजचा आकार पाहिला, तर ४,२९,४९,६७,२९५ बाइट. डिस्कवर २०० जीबीहून अधिक जागा मोकळी आहे. आता काय बिघडले?

मिरजकर_पेंग्विन

काहीही बिघडलेले नाही. तुमची टीव्हीची डिस्क फॅट३२मध्ये आहे. जुन्या टीव्हींना बहुतेक वेळा तेवढेच वाचता येते. फॅट३२मध्ये फाइलीचा आकार लिहायला ३२ बिट असतात, त्यामुळे एका फाइलीचा आकार (१,०२४च्या पटीने मोजलेल्या) ४ जीबीपेक्षा एका बाइटने कमी, म्हणजे तुम्ही लिहिला आहे नेमका तेवढाच, ४,२९,४९,६७,२९५ बाइट इतकाच होऊ शकतो. रिकाम्या जागेशी त्याचा संबंध नाही.

त्यामुळे एक्सफॅट, एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ असलेली दुसरी डिस्क मिळवा. टीव्हीची डिस्क घाईने फॉरमॅट करू नका, तिच्यावर लग्नाचे व्हिडिओ असणार, हे मी अनुभवाने सांगतो. नवी डिस्क मिळाली की अर्धवट इमेज आणि मॅप फाइल या दोन्ही तिच्यावर उचलून ठेवा आणि तीच आज्ञा तिथून द्या, आधीचे ४.३ जीबी पुन्हा वाचावे लागणार नाहीत.

पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावलात, तर एलएसबीएलके पुन्हा पाहायला विसरू नका. दुसरी डिस्क आधी जोडली गेली, तर एसडीबी हे नाव तिला मिळते आणि पेनड्राइव्ह एसडीसी होतो. जिथे अशी शंका असेल तिथे /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरमधले लांबलचक नाव द्यावे. त्यात कंपनीचे नाव आणि अनुक्रमांक असतो, म्हणून ते बदलत नाही.

वाशीचा_मॅकवाला

धाग्यात मधेच शिरतो, क्षमस्व. माझ्याकडे मॅक आहे आणि पेनड्राइव्ह निरोगी आहे; मला फक्त त्याची इमेज ठेवायची आहे. डीडी लावले, तर ‘रिसोर्स बिझी’ असे येते. अनमाउंट करून पुन्हा लावले, तर चालू झाले, पण तासाभरात ६ जीबी झाले आहे. हे असेच चालते का?

संगणकताई

मॅकवर आधी डिस्कयुटिल लिस्ट या आज्ञेने क्रमांक पाहावा आणि डिस्कयुटिल अनमाउंटडिस्क या आज्ञेने सगळी पार्टिशने सोडवावीत. ‘इजेक्ट’ करू नये, तसे केल्यास साधनच यादीतून जाते. तुमचा वेग कमी आहे, कारण तुम्ही बहुधा /डेव्ह/डिस्क४ असे दिले असेल; त्याऐवजी आधी ‘आर’ लावून /डेव्ह/आरडिस्क४ असे द्यावे, म्हणजे मधल्या साठ्याला वळसा घालून थेट वाचले जाते आणि वेग चांगलाच वाढतो. बीएसमध्ये एम हे अक्षर लहान लिपीत लिहावे. मॅकवरच्या जुन्या डीडीला मोठा एम कळत नाही. काम कुठवर आले ते पाहायला कंट्रोल-टी दाबावे.

पेनड्राइव्ह निरोगी आहे म्हणता, तर इमेज झाल्यावर पेनड्राइव्ह पुन्हा माउंट होण्यापूर्वीच दोन्हींचा शासम -ए २५६ (मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढून ताडून पाहावा. माउंट झाल्यावर काही ना काही लिहिले जाते आणि आकडे जुळत नाहीत. मग लोक उगाच इमेजवर संशय घेतात.

अक्षरजुळणी

तीन दिवसांनी लिहीत आहे. वाचनालयाच्या सचिवांनी त्यांची १ टीबीची डिस्क दिली. अर्धवट इमेज आणि मॅप फाइल तिच्यावर ठेवून आज्ञा दिली, तर खरोखरच ते ४.३ जीबीपासून पुढे गेले. रात्री एकदा पेनड्राइव्ह तापून यादीतून नाहीसा झाला. काढून, पंख्याखाली ठेवून, अर्ध्या तासाने पुन्हा लावला, तर तो एसडीसी झाला होता. मिरजकरांचा इशारा आठवला नसता, तर मी सचिवांच्या डिस्कचीच इमेज घेत बसलो असतो.

दुसरी फेरी रात्रभर चालली. सकाळी पडद्यावर ९९.९७ टक्के वाचले आणि ४.१ एमबी वाचता आले नाही, असे दिसत होते. मला नाचावेसे वाटले. पण इमेज माउंट करायला गेलो, तर फाइल सिस्टिमचा प्रकार ओळखता येत नाही अशी तक्रार आली, आणि एफएससीके.फॅट (फाइल सिस्टिम तपासणारी आज्ञा) चालवून पाहिले, तर ‘लॉजिकल सेक्टर साइज इज झिरो’ असे म्हणून ते बंद पडले. ९९.९७ टक्के असूनही फाइली का दिसत नाहीत?

संगणकताई

कारण न मिळालेल्या ०.०३ टक्क्यात तुमचा तो उंबरठा आहे. बूट सेक्टरच्या जागी इमेजमध्ये शून्ये आहेत, म्हणून सेक्टरचा आकार शून्य आहे असे एफएससीकेला वाटते. हे बिघडणे मात्र चांगल्या जातीचे आहे, कारण फॅट३२ मांडणाऱ्यांनी या सेक्टरची एक जादा प्रत ठेवण्याची तजवीज केलेली असते. ती बहुधा पार्टिशनच्या सुरुवातीपासून सहाव्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते. तुमचे पार्टिशन २०४८ला सुरू होते, म्हणून ती प्रत २०५४मध्ये असावी.

पहिल्या फेरीपासून -डी हा पर्याय द्यायला सांगितला होता, त्याचा उपयोग इथे दिसतो. एरवी लिनक्स पेनड्राइव्हला ४,०९६ बाइटच्या, म्हणजे आठ सेक्टरांच्या पानांनी वाचते. २०४८ ते २०५५ हे आठही सेक्टर एकाच पानात येतात आणि त्यातला एक खराब असेल, तर आठही वाचता येत नाहीत असे ते सांगते. -डी दिल्यावर हा मधला साठा टाळून सेक्टर सुटे सुटे मागता येतात. चिपच्या आतली पाने याहून मोठी असू शकतात, तेव्हा २०५४ मिळालाच असेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पाहायला काय हरकत आहे?

आधी इमेजची दुसरी प्रत करा. ही ओळ मी दोनदा लिहिते: आधी इमेजची दुसरी प्रत करा. यापुढचे प्रत्येक काम त्या प्रतीवर. मूळ इमेजला आणि पेनड्राइव्हला आता हात लावायचा नाही.

सीपी अंक.आयएमजी काम.आयएमजी

सेक्टर २०५४मध्ये काही आहे का ते पाहावे:

डीडी आयएफ=काम.आयएमजी बीएस=५१२ स्किप=२०५४ काउंट=१ | एक्सएक्सडी

उजव्या बाजूच्या रकान्यात ‘फॅट३२’ अशी अक्षरे दिसली आणि शेवटचे दोन बाइट ५५ व एए असले, तर ती जादा प्रत शाबूत आहे. मग तीच प्रत तिच्या जागी बसवावी:

डीडी आयएफ=काम.आयएमजी ओएफ=काम.आयएमजी बीएस=५१२ स्किप=२०५४ सीक=२०४८ काउंट=१ कॉन्व्ह=नोट्रंक

स्किप वाचण्याच्या बाजूला, सीक लिहिण्याच्या बाजूला. आणि नोट्रंक विसरू नका. ते नसेल, तर डीडी लिहायला सुरुवात करण्याआधीच फाइल सीकच्या जागेपासून पुढे छाटून टाकतो. तुमच्या १५ जीबीमधले जेमतेम १ एमबी मागे उरेल. प्रत करायला दोनदा सांगितले ते यासाठी.

अक्षरजुळणी

आहे! उजव्या रकान्यात ‘फॅट३२’ स्पष्ट दिसते आहे आणि शेवटी ५५ एएसुद्धा. बायकोला हाक मारून दाखवले; तिने आकड्यांच्या त्या भिंतीकडे पाहिले आणि ‘बरं’ म्हणाली.

सेक्टर बसवला. आता पुढे माउंट कसे करावे?

मिरजकर_पेंग्विन

इमेजमध्ये अखंड पेनड्राइव्ह आहे, म्हणून ती आधी साधन म्हणून संगणकापुढे मांडावी लागते:

सुडो लूसेटअप -आर -पी -एफ --शो काम.आयएमजी

(लू नव्हे, लो, एल, ओ, सेटअप. कळफलकाने माझे शब्द सुधारायला घेतले आहेत. यातला -पी मोठ्या लिपीत लिहावा.) या आज्ञेच्या उत्तरात /डेव्ह/लूप१४ असे काही येईल. उबंटूमध्ये स्नॅपच्या पॅकेजांनी खालचे क्रमांक आधीच अडवलेले असतात, तेव्हा मोठा क्रमांक पाहून बिचकू नका. मग:

सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/लूप१४पी१ /एमएनटी

-आर आणि आरओ दोन्ही केवळ वाचण्यासाठी आहेत. फोल्डर दिसले की सगळे सचिवांच्या डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी कॉपी करावे.

अक्षरजुळणी

नऊ वर्षांचे अंक पूर्ण मिळाले. दोन वर्षांच्या अंकांची काही पाने उघडत नाहीत, ती ४.१ एमबीच्या भोकात गेली असावीत. त्यातल्या एका अंकाची छापखान्याला पाठवलेली पीडीएफ मेलमध्ये सापडली, दुसऱ्याचा छापील अंक वाचनालयात आहे, तो स्कॅन करून पुन्हा जुळवीन. फॉन्टचे फोल्डर पूर्ण मिळाले, याचा आनंद सर्वांत मोठा, कारण ते नसते तर उरलेल्या नऊ वर्षांची पानेही नुसती चिन्हांची रांगोळी दिसली असती.

एक शंका राहते. न उघडणाऱ्या फाइली नेमक्या कोणत्या, हे प्रत्येक फाइल उघडून न पाहता कळू शकेल का? दीड हजारावर फाइली आहेत.

संगणकताई

कळते, आणि युक्ती मजेशीर आहे. डीडीरेस्क्यूला उलटे काम लावता येते: मॅप फाइलीत जे जे सेक्टर खराब म्हणून नोंदलेले आहेत, तेवढ्याच जागी ठरावीक शब्द भरायला सांगायचे आणि मग तो शब्द कोणकोणत्या फाइलींत सापडतो ते पाहायचे. काम.आयएमजी अनमाउंट करून लूपमधूनही सोडवा, तिची आणखी एक प्रत ‘खूण.आयएमजी’ नावाने करा आणि:

प्रिंटएफ "खराबजागा " > खूण.टीएक्सटी
डीडीरेस्क्यू --फिल-मोड=- खूण.टीएक्सटी खूण.आयएमजी अंक.मॅप

इथे ‘खराबजागा’ हा शब्द रोमन लिपीत लिहावा, म्हणजे शोधायला सोपे जाते. अंक.मॅपची प्रत आधी बाजूला ठेवावी, कारण फिल-मोड त्या फाइलीतल्या नोंदी बदलतो. आणि एक सावधगिरी: २०४८वा सेक्टरही मॅपमध्ये खराबच नोंदलेला आहे, त्यामुळे तिथेही हाच शब्द भरला जाईल आणि उंबरठा पुन्हा मोडेल. म्हणून भरून झाल्यावर सीक आणि नोट्रंकची ती आज्ञा खूण.आयएमजीवर पुन्हा द्यावी. त्यानंतर ती आधीसारखीच माउंट करून:

ग्रेप -आरएल "खराबजागा" /एमएनटी

जी नावे येतील, तेवढ्याच फाइलींना इजा झाली आहे.

अक्षरजुळणी

एकवीस नावे आली. त्यातल्या चौदा जुन्या जाहिराती आहेत आणि त्यातली तीन दुकाने आता अस्तित्वात नाहीत. उरलेल्या सात पानांची यादी भिंतीवर लावली आहे.